कोणता दगड?

पहिलीत असताना पाटीवर मी जे पहिले चार-पाच शब्द लिहिले, त्यात 'दगड' होता. कमळ, बदक, गवत, दगड. त्या वयात लिहायला मिळतात ते सगळे शब्द असेच, अंगावर एकही दागिना नसलेले. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी, ना उकार. तीन उघडी अक्षरं एकमेकांना टेकून बसवायची आणि वरून रेघेचं छप्पर ओढायचं, की झाला शब्द. पाटी दगडाचीच होती, लाकडी चौकटीत बसवलेली. पेन्सिलही दगडाची, चोरून खाल्ली तर दाताखाली करकरणारी. म्हणजे दगडावर दगडानं 'दगड' लिहिला जात होता आणि ओल्या बोटानं पुसलाही जात होता. ओली पाटी काळीभोर व्हायची, वाळताना पुन्हा राखाडी होत जायची, आणि त्या राखाडीतून मघाशी पुसलेली अक्षरं अंधूक वर यायची.

पुरतं पुसलं असं कधी झालंच नाही.

माझं माहेर वाईचं. वाईत दगड म्हटला की तो काळा. दुसऱ्या रंगाचा दगड असतो, हे मनात यायला तिथं जागाच नव्हती. कृष्णेचा घाट काळा, घाटावरची देवळं काळी, वाड्यांची जोती काळी, आजीचा पाटा काळा, आणि पावसाळ्यात ढग उतरले की गावाला वेढून बसलेले डोंगरही त्याच काळ्याचे. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पूर आला की नदीचं पाणी त्या दगडी माशाच्या नाकावर आपटतं, दुभंगतं आणि देवळाला दोन्ही कुशींनी वळसा घालून पुढं जातं. लहानपणी मला वाटायचं, मासाच पाण्यावर पोहत येतोय आणि नदी जागच्या जागी उभी आहे. वैशाखातल्या संध्याकाळी आम्ही पोरी घाटाच्या पायऱ्यांवर बसायचो तेव्हा परकराखालून दिवसभराचं ऊन हळूहळू वर चढायचं. ऊन विझलेलं असायचं, आभाळ जांभुळलेलं असायचं, पलीकडच्या काठावरून कुणीतरी कपडे आपटल्याचा आवाज जरा उशिरानं आपल्यापर्यंत पोचायचा, आणि खालचा दगड मात्र दुपार सोडायला तयार नसायचा.

माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. दगड हा त्यांच्या रोजच्या भाकरीतला शब्द, आणि म्हणूनच तो त्यांच्या तोंडी फार कमी यायचा. ते म्हणायचे खडी, मुरूम, डबर, घडीव, हेडर. सगळं ब्रासात मोजायचं. साइटवर मला घेऊन गेले की चालता चालता हातातल्या लहान हातोडीनं एखाद्या दगडाला टिचकी मारल्यासारखं ठोकायचे आणि मान कलती करून ऐकायचे. खणकन वाजला की पुढं. बद्द वाजला की थांबायचे, म्हणायचे, "आत चीर आहे याच्या," आणि तो बाजूला काढायला सांगायचे. बाहेरून ती चीर मला कधीच दिसली नाही. त्यांना ती ऐकू यायची.

पाचवीत एका गुरुजींनी मला भर वर्गात 'दगड आहेस नुसती' म्हटलं. व्यवहारी अपूर्णांक होते, आणि छेदांशी माझं त्या काळी जमत नव्हतं. घरी येऊन मी दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि दाराआड बसून रडले. अण्णा आले, सगळं ऐकून घेतलं, आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता विचारलं, "कोणता दगड म्हणाले?"

मी हुंदका गिळून बघत राहिले.

"नाही, विचारून ये त्यांना. डबर म्हणाले असतील तर रड. हेडर म्हणाले असतील तर आपण पेढे वाटू." मग त्यांनी मला हेडर म्हणजे काय ते सांगितलं. भिंतीला बाहेरचं तोंड असतं आणि आतलं तोंड असतं, दोन्हींत लहान दगड बसवलेले असतात, आणि मधूनमधून एखादा लांबलचक दगड असा आडवा घालतात, की तो या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचतो आणि दोघांना धरून ठेवतो. तो हेडर. तो नसेल तर एखाद्या पावसाळ्यात भिंत पोट फुगवते आणि बसते. त्या दिवसापासून आमच्या घरात तो खेळच झाला. कुणी काहीही मोघम बोललं, की भाऊ किंवा मी किंवा स्वतः अण्णा, कुणीतरी म्हणायचंच: "कोणता दगड?"

मोठी झाल्यावर कळलं, की मराठीत हा शब्द बराचसा फेकण्यासाठीच आहे. 'तुला काय दगड कळतंय', 'दगडाला पाझर फुटेल पण ह्याला नाही', 'हात दगडाखाली अडकलाय'. आपल्याच पायावर पाडून घ्यायचा तो धोंडा, गळ्यात पडते ती धोंड, मैत्रीत पडतो तो खडा. तोच धोंडा अधिक महिन्यात पुरण भरून घेतो आणि जावयाच्या ताटात गोड होऊन बसतो, हा त्याला मिळालेला एवढाच मान. मुठीत मावतो तो गोटा, उचलवत नाही ती शिळा. आकार बदलला की नाव बदलतं. पण कुठला आहे, कशाचा झाला आहे, किती पावसाळे खाल्ले आहेत, याची चौकशी एकाही म्हणीत नाही. म्हणीला ती परवडतही नसावी. फेकायची वस्तू हातात घेऊन कुणी निरखत बसत नाही.

लग्न होऊन मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात गेले. अणुस्कुरा घाट उतरताना दोन्ही बाजूंचे कडे अजून माझेच होते, काळे, ओळखीचे, पायरीवर पायरी रचल्यासारखे. मग पाचल मागं पडलं, डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा रस्त्याची कड लाल झाली होती. बांध लाल, भिंती लाल, विहिरीचं तोंड लाल, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते सगळं आतून पेटवल्यासारखं दिसत होतं. बसच्या खिडकीच्या दांडीवर हात ठेवला तर हातावरही लाल धूळ. वाईहून नेसून निघालेल्या साडीचा काठ मी दोन दिवसांनी धुतला तेव्हा बादलीत कुंकू कालवल्यासारखं पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखाडी उतरताना ठेच लागली. पाखाडी म्हणजे डोंगरउतारावरची पायऱ्यांची वाट, हा शब्दही मी तिथंच शिकले. अंगठ्याचं नख उलटलं, डोळ्यांत पाणी आलं, मी कळवळून म्हटलं, "दगड लागला."

खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या सासूबाई मागं वळल्या. "दगड कुठला गो इथं? जांभा तो." मग अंगठा बघून म्हणाल्या, "हळद लावू. पण दगड नको म्हणूस त्याला."

मला एकदम अण्णांचा आवाज ऐकू आला. अडीचशे किलोमीटरांवरून, एका अनोळखी बाईच्या तोंडून, हेल काढून.

मी वाकून बघितलं. खरंच, हा दगड नव्हता. निदान मला ठाऊक असलेला तरी. घावनाला जाळी पडते तशी त्याला जाळी होती. भोकाभोकांच्या काठांवर विटकरी, गेरू, मध्येच हळदीसारखा पिवळा, आणि काही ठिकाणी जांभळं खाऊन ओठ पुसलेल्या फडक्यासारखा डाग. बोटानं खरवडलं तर नखात लाल भुकटी आली. काळ्या दगडाला मी आयुष्यभर हात लावला होता आणि त्यानं मला कधी काही दिलं नव्हतं. ह्यानं पहिल्याच भेटीत बोट रंगवलं.

सासूबाईंना जांभ्याबद्दल पुष्कळ ठाऊक होतं, आणि ते त्या भांडी घासता घासता, नारळ खवता खवता सांगायच्या. खाणीतून काढलेला चिरा कोवळा असतो, तासून घ्यायचा तो तेव्हाच. मग त्याला ऊन खाऊ द्यायचं, वारा लागू द्यायचा, की तो आपोआप कठीण होतो. जो जितका जुना तितका घट्ट. नवा चिरा खाणीतून आणला आणि लगेच भिंतीत घातला असं करू नये. "वारा लागू दे त्याला," त्या म्हणायच्या. त्या वर्षी त्यांनी मला कुठल्याच मोठ्या कामाला जुंपलं नाही. मी ओटीवर बसून असायची, माहेरची आठवण आली की खळ्यापर्यंत जाऊन यायची, कुणी काही बोललं नाही. त्यामागचं कारण मला पुढं कित्येक वर्षांनी सुचलं.

सासूबाई सांगायच्या तेच फार पूर्वी एका परक्या माणसानंही टिपून ठेवलं होतं. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर मलबारातून फिरत होता. अंगाडीपुरमला त्यानं लोकांना हाच दगड खणताना पाहिला. कोवळा असताना कापायचा, उन्हात सोडायचा, आणि घट्ट झाला की भिंत रचायची. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं त्याला नाव दिलं लॅटराइट, लॅटिनमधल्या विटेवरून. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत आज तेच नाव आहे. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. आपण म्हणतो, दगडापेक्षा वीट मऊ. आणि इथं एका दगडाचं नावच वीट. म्हणीतले दोघे भांडण मिटवून एका अंगात राहायला आले होते.

लग्नानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात आमची विहीर खोल करायला काढली. वर जांभा होता, दोन-तीन पुरुष खोल. त्याखाली चिकण माती लागली, पांढुरकी, मध्येच गुलाबी झाक असलेली, हातात घेतली तर लोण्यासारखी. आणि तिच्याही खाली एका दुपारी पहारीचा आवाज बदलला. वर ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या मला तो ऐकू आला. खणकन.

मी ताट तसंच ठेवून धावले. विहिरीच्या काठावर ओणवी होऊन बघितलं, तर तळाशी ओलसर अंधारात माझ्या घाटाची पायरी होती.

अण्णांना पत्र टाकलं: 'लाल सगळं वरवरचं आहे. खाली आपला दगड लागला.' त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, बारीक अक्षरात, समासातही लिहिलेलं. त्यांनी लिहिलं होतं, की वरवरचं म्हणू नकोस, वरचा आणि खालचा एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर साठला, आणि आजच्या हिशेबानं पाच लाख चौरस किलोमीटरांवर हा काळा दगड अंथरला गेला. आपल्या डोंगरांच्या पायऱ्या त्या थरांच्या. शास्त्रज्ञ त्याला ट्रॅप म्हणतात तेही स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून. मग त्या काळ्यावर पाऊस पडत राहिला. लाखो वर्षं. पावसानं त्यातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, सिलिका नेली, आणि लोखंड न् ॲल्युमिनियम तेवढं मागं ठेवलं. लोखंड गंजलं. तो तुझा जांभा. शेवटी समासात, कार्ड उभं धरून: 'पाचगणीची सहल आठवते का? टेबललँड जांभ्याचंच आहे.'

सहल आठवत होती. सातवीत असताना गेलो होतो, घोड्यांच्या लिदीचा वास, मक्याची कणसं, आणि सपाट विस्तीर्ण माथ्यावर पायाखाली खडबडीत तांबडं काहीतरी. मी त्यावर बसून डबा खाल्ला होता. पाचगणी वाईच्या डोक्यावर आहे. महाबळेश्वरचा माथाही त्याच तांबड्या टोपीचा, आणि माझी कृष्णा त्या टोपीखालून निघून काळ्या घाटापर्यंत येते. म्हणजे मी ज्याला परका म्हणत होते तो जन्मापासून माझ्या माथ्यावर बसलेला होता. मला तो दिसला नव्हता, कारण माझ्याजवळ त्याच्यासाठी एकच शब्द होता आणि तो शब्द काळा होता.

त्या दिवाळीत अण्णा आमच्याकडे आले. पडवीत चहा घेताना त्यांचा हात सवयीनं भिंतीकडे गेला आणि बोटाच्या पेरानं त्यांनी चिऱ्यावर ठोकलं. बद्द. मान कलती केली, पुन्हा ठोकलं, पलीकडचा ठोकला. सगळे बद्द. चाळीस वर्षं जो आवाज ऐकून त्यांनी दगड बाजूला काढायला लावले, त्या आवाजाच्या भिंतीत त्यांची लेक नांदत होती. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"वाजायचा नाही तो, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "तो पाणी पितो."

अण्णांनी हात काढला नाही. तळवा पसरून तसाच भिंतीवर ठेवला, थोडा वेळ.

ज्या घरात भिंती जांभ्याच्या, त्याच घरात पाटा-वरवंटा मात्र काळ्या दगडाचा. तिकडे त्याला काळवत्री म्हणतात. जांभ्यावर वाटण वाटलं तर निम्मा जांभाच जेवणात यायचा. गावच्या देवळातही भिंती तांबड्या आणि गाभाऱ्यातला देव काळा. मी रोज सकाळी माझ्या माहेरावर ओलं खोबरं आणि मिरच्या वाटत होते आणि सासरच्या भिंतीला पाठ टेकून कढीचा घोट घेत होते. पाटा झिजून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची, पुन्हा खडबडीत करायचा. छिन्नीचा तो ठकठक आवाज ऐकताना मला दोन्ही गावं एकदम आठवायची, आणि मग ती दोन आहेत हे विसरायला व्हायचं.

पावसाळ्यात सड्यावर जायचो. सडा म्हणजे गावावरचं जांभ्याचं पठार. उन्हाळ्यात तिथं पाय ठेववत नाही, तव्यासारखं तापतं, आणि मृगाचा पाऊस झाला की पंधरा दिवसांत त्याच तव्यावर गवताची लव फिरते, प्रत्येक खळग्यात आभाळाचा एकेक तुकडा साठतो. श्रावण सरताना सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, नखाएवढी, आणि त्या रंगात वारा शिरला की सगळा सडा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. त्या दिवसांत तिथं मोठ्यानं बोलवत नाही.

याच तालुक्यातल्या सड्यांवर, कशेळीला, बारसूला, देवीहसोळला, जुन्या माणसांनी कातळात कोरलेली चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती तर अठरा मीटर लांब, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची गर्दी. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मी हत्ती बघायला गेले ती पाऊस नुकताच उघडल्यावर. रेघांच्या चरांतून पाणी साठलं होतं आणि ढगांतून ऊन निसटलं तसा हत्ती एकदम चमकून उठला, सोंडेपासून शेपटीपर्यंत पाण्यानं रेखलेला. ज्यांनी तो कोरला त्यांच्याही भाषेत या दगडाला काहीतरी नाव असणार. खोदताना हाताला लागली असेल ती मऊ जागा, ती कठीण जागा, यांनाही नावं असतील. त्यांतलं एकही आपल्यापर्यंत आलं नाही.

रेघ आली.

अण्णा गेले ते पौषात, झोपेत. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात आणलेलं होतं. स्मशानात आम्ही बायका गेलो नाही. तिथलं भावानं मला नंतर सांगितलं, परसात, विहिरीच्या कठड्यावर बसून. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं असतं आणि एकेका फेरीला त्या मडक्याला दगडानं भोक पाडायचं असतं. गुरुजी म्हणाले, "एक दगड घ्या." भावानं सवयीनं विचारलं, "कोणता?"

"कोणताही."

"मला उभं राहवेना," भाऊ म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी कोणताही म्हटलं."

त्यानं पायाशी दिसला तो उचलला. काळा, पेरूएवढा, एका बाजूनं चेपलेला. मडकं फुटलं, सगळे परतले, आणि मग तो दगड जपायला लागला. गुरुजी त्याला अश्मा म्हणायचे, आई जीवखडा म्हणायची. संस्कृतात अश्मा म्हणजे दगडच, नुसता, कोणताही. पण आता तो हरवून चालणार नव्हता, बदलून चालणार नव्हता. कापडात बांधून घराबाहेर तुळशीपाशी ठेवला होता आणि भाऊ रात्री दोनदा उठून बॅटरी मारून बघायचा. त्यावर रोज पाणी द्यायचं, तीळ द्यायचे. त्याच्यासारखे हजार दगड नदीकाठी पडलेले होते, आणि त्यांतला एकही त्याच्या जागी ठेवता आला नसता. चार दिवसांपूर्वी तो कोणताही होता.

आता तोच होता.

नावं शिकण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं. डबर आणि हेडर, जांभा आणि काळवत्री, चिरा आणि कातळ. प्रत्येक नावानं मला दगडाजवळ एकेक पाऊल नेलं, हे खरं. पण त्या तुळशीपाशी बसल्यावर दिसलं, की अगदी शेवटच्या पावलाला भाषा काहीच देत नाही. सगळ्यांत जवळच्या दगडाला सगळ्यांत मोघम शब्द होता, पहिलीतल्या पाटीवर लिहिता येईल इतका साधा, आणि त्यावर आम्ही सगळे पाणी घालत होतो.

दहाव्या दिवशी घाटावर मीही तिलांजली दिली. ओंजळ रिकामी केली आणि पाणी त्या काळ्या पाठीवरून सरळ खाली आलं, पायरीवर पसरलं, कृष्णेकडे निघून गेलं. तीळ तेवढे चिकटून राहिले. पायरी उन्हानं कोमट झाली होती. मग भावानं दगड पाण्यात सोडला. एकच आवाज झाला, दोन-तीन वर्तुळं माशाच्या भिंतीकडे सरकत गेली, आणि नदी पुन्हा नितळ झाली. काळा दगड गप्प बुडतो.

त्यानंतर अकरा वर्षांनी, भाद्रपदात, सासूबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्यांचं अंथरूण पडवीत घातलं होतं, भिंतीला लागून, आणि त्या दिवसातून कितीदा तरी हात बाहेर काढून चिऱ्यावर ठेवायच्या. पाऊस थांबत नव्हता. भिंत ओल धरून गडद झाली होती. "पितोय बघ," एकदा म्हणाल्या. त्यापुढं विशेष बोलणं झालं नाही.

ह्यांनी स्मशानाच्या गडग्यातून सुटलेला एक तुकडा उचलला होता. गुरुजींना कोणता म्हणून विचारायचा प्रश्नच आला नाही. तिथं दुसरा दगड नव्हताच. दहाव्याला अर्जुनेच्या काठावर आम्ही ओळीनं उभे राहिलो. माझी पाळी आली. मी ओंजळ सोडली आणि वाट बघत राहिले, पाणी खाली यायची. आलं नाही. भोकाभोकांतून ते आत गेलं, आणि दगड नुसता गडद झाला, ओली पाटी होते तसा. जाऊबाईंनी घातलेलं गेलं, नणंदेनं घातलेलं गेलं. तीळसुद्धा खळग्यांत उतरून बसले.

नदीला लाल पाणी होतं. हे गुडघाभर आत गेले, वाकले आणि दोन्ही हातांनी त्यांनी दगड पाण्याखाली नेऊन सोडला. मी वळणार होते, तेवढ्यात त्या जागी एक बुडबुडा वर आला. मग दोन. मग बारीक बारीक बुडबुड्यांची माळच, तुटत, पुन्हा जुळत, प्रवाहानं थोडी तिरपी होत, किती तरी वेळ. ह्यांनी काठावर यायला पाय उचलला होता तो तसाच राहिला. कुणी काही बोललं नाही.

धाकटीनं माझा पदर ओढला. "आई, दगडातून बुडबुडे कसे येतात?"

"जांभा आहे तो," मी म्हटलं. "त्याला भोकं असतात. भोकांत हवा असते."